कळमन्याची पहाट आणि आमच्या सासूबाई

मैत्रिणींनो, पहाटे सव्वाचारला आपल्या घरासमोरचा रस्ता कसा दिसतो, हे तुम्ही कधी पाहिलंय का? खरं सांगते, मीही पाहिलं नव्हतं. लग्न होऊन कळमन्याला आले त्याला बारा वर्षं झाली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं कळमना म्हणजे माझ्या लेखी ट्रकचे कर्णे, धूळ आणि स्वस्त भाजी, एवढंच होतं.

नागपूरला येणारे पाहुणे दीक्षाभूमी, अंबाझरी, फुटाळा पाहतात, संत्र्याची बर्फी घेतात आणि परततात. हे सगळं आमच्यापासून लांब. आम्ही शहराच्या पूर्वेला. इकडे पाहुणा येत नाही, माल येतो. पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड असं आमच्या बाजाराचं भारदस्त नाव, पण सगळे म्हणतात ‘कळमना मार्केट’. धान्य, मिरची, आलू-कांदे, भाजी, फळं, सगळ्यांचे निरनिराळे भाग. काटोल, नरखेड, वरूडकडची संत्री इथे उतरतात. पलीकडे रेल्वेचं कळमना स्टेशन. हावड्याच्या मार्गावरच्या मालगाड्यांची धडधड आमच्या घरात रात्रभर ऐकू येते. नवीन माणसाला झोप लागत नाही, आम्हाला ती थांबली की जाग येते.

तर अशा या गावात आमच्या सासूबाई धावतात. वय वर्षं बासष्ट.

सुरुवात साधीच झाली. पाच वर्षांपूर्वी सासरे गेले, आणि त्याच वर्षी आईंना साखरेचा त्रास निघाला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. संध्याकाळी चालायचं तर गल्लीतल्या बायका ओट्यावर बसलेल्या, दर चार पावलांवर चौकशी. शिवाय आमचा विदर्भाचा उन्हाळा! पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि सूर्य मावळला तरी रस्ता तापलेलाच असतो. म्हणून आई पहाटे निघू लागल्या. आमच्याकडे नळ साडेपाचला येतो. एक दिवस लांबवर गेल्या, परतताना उशीर झाला, आणि पाणी जाईल या धास्तीने त्या चक्क पळत घरी आल्या. हंडा नळाखाली लावला आणि धापा टाकत हसल्या. “पळता येते की गं अजून मला!” त्या दिवसापासून चालणं मागे पडलं.

आता माझी चूक सांगते. महिनाभरात शेजारच्या बाईंनी मला गाठलं. “काहो, तुमच्या सासूबाई पहाटे पहाटे काहून पळून राहिल्या? घरी काही झालं का?” माझे कान तापले. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, मुलांच्या आया मला ओळखतात. त्या रात्री मी आईंना म्हटलं, “हवं तर चाला, पण धावू नका. लोक हसतात.”

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून जाणंच बंद केलं, अगदी चालणंही. सवयीने चारला जाग यायची ती यायचीच. आठव्या दिवशी मी पाणी प्यायला उठले, तर आई स्वयंपाकघरात अंधारात पाटावर बसलेल्या. दिवासुद्धा लावलेला नव्हता. “झोप येत नाही का?” विचारलं तर म्हणाल्या, “नळाची वाट पाहून राहिले.” नळाला अजून सव्वा तास होता.

मला फार लाज वाटली. बी. ए. पर्यंत शिकलेली मी, वर्गात मुलींना ‘लोकांची पर्वा करू नका’ म्हणून सांगणारी! लता करे यांची गोष्ट मला ठाऊक होती. मूळच्या आमच्याच विदर्भातल्या, बुलढाणा जिल्ह्यातल्या. पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या. पतीच्या आजारपणाला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई २०१४ साली बारामतीच्या ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर २०२० साली मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचंच काम केलं. वर्तमानपत्रात वाचताना माझे डोळे भरून आले होते. पण घरची बाई धावली तर मात्र मला लोक आठवले!

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला मीच त्यांना हाक मारली. “चला, मी पण येते.”

आणि मी पहिल्यांदा आमचं कळमना पाहिलं. दिवसा ज्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तो मोकळा. बाजाराच्या फाटकाशी मात्र दिवसासारखा उजेड. रात्रभर आलेल्या गाड्या ओळीने उभ्या, हमाल पाठीवर पोती घेऊन पळत असलेले, चहाच्या टपरीवर कढत चहा. थंडीत आंबिया बहाराची संत्री आली की रस्त्यावर असा वास सुटतो, की श्वास लागला तरी बरं वाटतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी भिवापूरकडची लाल मिरची येते. तेव्हा पदर नाकाला लावूनही ठसका लागतो, आम्ही वाट बदलून स्टेशनकडे वळतो. हमाल आधी विचारायचे, “मावशी, कोण मागं लागलं?” आता तेच ट्रकवाल्याला दटावतात, “अबे, गाडी हळू घे, मावशी येऊन राहिली.”

धावण्याचा एक नियम आहे. लांबचा पल्ला गाठायचा तर इतक्याच वेगाने धावावं, की सोबतीशी सहज बोलता आलं पाहिजे. बोलताना दम तुटला तर वेग जास्त झाला. या नियमाने आमच्या घरात काय केलं म्हणून सांगू? सात वर्षं एका छपराखाली राहून आम्ही दोघी मीठ, दूध आणि मुलांचे डबे याखेरीज काही बोललो नव्हतो. रस्त्यावर बोलू लागलो. आई काटोलकडच्या एका खेड्यातल्या. संत्र्याच्या बैलगाडीमागे धावत शाळेला जायच्या, सातवी झाली आणि लग्न झालं. एकदा त्या म्हणाल्या, “तू धावू नको म्हणालीस ना, तेव्हा वाटलं, हे गेले, आता या घरात माझं म्हणून काही राहिलं नाही.” मी काहीच बोलू शकले नाही. त्या दिवशी माझाच दम तुटला होता.

तुम्हाला वाटेल, बायकांचं हे आजकालचं खूळ आहे. पण बाईला लांब धावणं झेपत नाही, असं अख्ख्या जगाने ठरवून टाकलं होतं. अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरीन स्विट्झर ही मुलगी धावू लागली, तेव्हा एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात तिचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. तिथे बायकांना रीतसर परवानगी मिळाली १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन झाली ती थेट १९८४ मध्ये. हीच स्विट्झर सत्तर वर्षांची झाल्यावर, २०१७ साली, तोच २६१ क्रमांक लावून पुन्हा बोस्टनला धावली. हे आईंना सांगितलं तर म्हणाल्या, “मग मला अजून आठ वर्षं आहेत.”

आई आधी दहा किलोमीटर, मग एकवीस असं करत गेल्या. गेल्या हिवाळ्यात बाहेरगावच्या एका शर्यतीत पूर्ण मॅरेथॉनला उतरल्या. पूर्ण म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्याआधी कित्येक महिने रविवारी आमचा लांब पल्ला असे आणि नळाला आमचे हे बसत. पहिल्या रविवारी पिंप भरून वाहिलं, पण हळूहळू शिकले!

मी एकवीस संपवून शेवटच्या कमानीशी उभी होते. पाच तास झाले, साडेपाच झाले. ऊन चढलं. गर्दी पांगली. माझ्या पोटात गोळा आला. साखरेचं माणूस, कुठे पडल्या तर? यांना फोन करायला हात उचलला तोच वळणावर त्या दिसल्या. चालत होत्या. कमानीचं कापड सोडायला माणसं शिडीवर चढली होती, पदकं संपली म्हणून सांगितलं. मला राग आला. आई म्हणाल्या, “राहू दे गं. पाय माझे आहेत ना, त्यांना माहीत आहे.” शेवटचे दहा किलोमीटर त्यांनी चालून काढले होते. सहा तास चाळीस मिनिटं लागली.

तुमच्यापैकी कुणाला वाटलं तर चार गोष्टी सांगते. चाळिशीनंतर सुरुवात करताना आधी डॉक्टरांना दाखवा. साखरेच्या गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी काय करायचं ते त्यांनाच विचारा. आई खिशात गूळ ठेवतात. पहिले काही आठवडे थोडं चाला, थोडं धावा. अंतर एकदम वाढवू नका. बुटांवर खर्च करा, बाकी कशावर नको. आई पंजाबी ड्रेसवर धावतात. अंधारात फिकट रंगाचे कपडे घाला आणि रस्त्याच्या उजव्या कडेने धावा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. शक्यतो एकट्या जाऊ नका. घरात सासू असेल, सून असेल, तिलाच हाक मारा.

डिसेंबरात आमच्याकडे साडेसहा वाजून गेले तरी सूर्य दिसत नाही. आम्ही तोवर घरी येऊन, पाणी भरून, चहा घेऊन मोकळ्या होतो. काल परतताना एका ओळखीच्या हमालाने आईंच्या ओंजळीत दोन संत्री ठेवली. थंडगार, दव पडलेली. शेजारच्या बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “उद्या किती वाजता निघता हो तुम्ही?”

सव्वाचारला, मी म्हटलं. आज त्या आल्या होत्या, चपला घालून. बुटांचं आता बोलायचं आहे.