मशीनखालचा लाकडी चौथरा

फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या दाराची खालची कड जमिनीपासून जेमतेम फूटभर वर असते. कपडे घालताना एकदा आणि ओले, जड झालेले कपडे काढताना पुन्हा, असं दोनदा तिथवर वाकावं लागतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर खाली बसणं बंद झालं, आणि कमरेतून वाकणं तिला आधीपासूनच जड जात होतं. कपडे मी लावीन, हे तिला मान्य नव्हतं. धुणं तिचंच. मग मशीनच वर उचलायचं ठरवलं.

बाजारात चाकांचे तयार स्टँड मिळतात, पण ते चार-सहा इंचांच्या वर जात नाहीत आणि चाकांवर मशीन ठेवणं मला पटत नाही. मशीनचं वजन सत्तरेक किलो. एवढा भार चार लाकडी पाय सहज पेलतात. खरी परीक्षा असते ती कपडे पिळताना. ड्रम मिनिटाला १२०० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला २०. आत कपडे एका बाजूला गोळा होऊन अर्ध्या किलोचा जरी असमतोल झाला, तरी ड्रमवर पावणेदोनशे-दोनशे किलो वजनाइतकी ओढ बसते, आणि ती सेकंदाला वीसदा दिशा बदलते. ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो, त्याला काँक्रीटची वजनं बांधलेली असतात, म्हणून आपल्याला त्यातलं फार थोडं जाणवतं. पण जे उरतं ते पायांतून खाली उतरतं. नुसत्या चार पायांचं टेबल तिथे आडवं हलायला लागतं. म्हणून मागची बाजू आणि दोन्ही कुशी जाड प्लायवूडने बंद करायच्या, हे मी पहिल्यांदा ठरवलं. तिरकं होण्यापासून चौकटीला अडवतो तो हा प्लायच.

लाकूड आणायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेले. पुण्यात पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान तिथे मिळतं. त्यात खिळे लपलेले असतात, कापणारा कुरकुरतो. पण वर्षानुवर्षं घरात राहून ते इतकं मुरलेलं असतं की पावसाळ्यात नव्या लाकडासारखं पिळवटत नाही. तीन बाय दोनच्या पट्ट्या आणि पायांसाठी तीन बाय तीनचे तुकडे, सगळं मिळून पाऊण घनफुटाच्या आसपास. सोबत १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय. पाण्याच्या जागी साधा प्लाय वापरू नये. थोडे पैसे वाचतात आणि दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात.

आमच्या ओळखीचे एक सुतारकाका आहेत. मी मशीनची लांबी-रुंदी लिहून नेली होती. कागद बघून ते म्हणाले, "ताई, मशीन किती मोठं ते राहू द्या. त्याचे पाय कुठे टेकतात ते मोजून आणा." मशीनचा प्रत्येक पाय चौथऱ्याच्या खांबावर सरळ उतरला पाहिजे, मधल्या फळीवर उतरला, तर ती फळी ढोलासारखी थरथरणार. वरचा सगळा आराखडा मी या एका वाक्यावर बेतला. वर प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवले, आणि मशीन सरकत कडेला येऊ नये म्हणून चहूबाजूंनी इंचभर उंच सागवानी पट्टी ठोकली. कोपऱ्यांत फटी ठेवल्या, पाणी सांडलंच तर साचू नये म्हणून.

उंची नळाने ठरवली. ड्राय बाल्कनीतला मशीनचा नळ चार फुटांवर आहे. मशीन ८५ सेंटिमीटरचं, त्याखाली ३० सेंटिमीटर चौथरा, म्हणजे नळ मोकळा राहतो आणि पावडरीचा कप्पा आईच्या खांद्याच्या खाली येतो. आणखी उंच केलं असतं, तर तिला टाचा उचलाव्या लागल्या असत्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ढाळापायी. आमच्या बाल्कनीची फरशी जाळीकडे उतरती आहे. मशीनच्या रुंदीत जवळपास एक सेंटिमीटरचा फरक पडतो. मशीनचे स्क्रूचे पाय उघडून तो भरून काढता येतो, पण पाय जितका बाहेर तितका तो डगमगतो. म्हणून फरक लाकडातच काढला. लेव्हल लावून चारही खांब वेगवेगळ्या लांबीचे कापले. कापलेल्या टोकातून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, तेव्हा खालची टोकं अ‍ॅराल्डाइटने बुजवली आणि प्रत्येकाखाली ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा बसवला. जुन्या वाड्यांत लाकडी खांब थेट जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभे करत, ते याच कारणासाठी. माझ्या चौथऱ्याचं लाकूड पूर्वी अशाच कुठल्या तळखड्यावर उभं असेल, या विचाराने मला फार बरं वाटलं.

मशीन चढवताना आधी फिल्टर उघडून आतलं पाणी काढलं, ड्रम आवळणारे वाहतुकीचे बोल्ट पुन्हा लावले, आणि भावाने आणि शेजाऱ्यांनी मिळून ते वर ठेवलं. बोल्ट लगेच काढले. ते राहिले तर पहिल्याच पिळणीत मशीन उड्या मारतं. सांडपाण्याची नळी मागच्या हुकात वर अडकवली आणि तिचं टोक पाइपात सैल ठेवलं. घट्ट बसवलं, तर आतलं पाणी आपोआप ओढून निघून जाऊ शकतं, आणि उंची वाढल्यावर हा धोका वाढतो.

मग जाड चादर आणि दोन टॉवेल घालून पूर्ण वेगाने पिळून पाहिलं. आई हात चौथऱ्यावर ठेवून उभी होती. "गुरगुरतंय, पण हलत नाही," म्हणाली. आता ती खुर्ची ओढून बसते आणि कपडे मांडीवरच्या टोपलीत काढते. फिल्टर साफ करताना खाली घमेलं बसतं, हाही मोठा फायदा झाला.

शेजारच्या वहिनींनाही असाच चौथरा हवा आहे. त्यांचं मशीन टॉप लोड आहे. मी त्यांना नको म्हटलं. ते वर उचललं, तर तळाशी गेलेला मोजा काढायला त्यांचा हात पोहोचणार नाही.