पाचाला मज्जाव आणि इतर टिपणे

केप्लरने १६११ साली प्रागमध्ये आपल्या एका आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून छोटीशी पुस्तिका दिली. प्रश्न एवढाच: हिमकणाला सहाच कोपरे का, पाच किंवा सात का नाहीत? त्यासाठी त्याने गोळे रचून पाहिले, डाळिंबाचे दाणे पाहिले, मधमाश्यांचं पोळं पाहिलं. शेवटी हे काम रसायनवाल्यांचं, असं म्हणून प्रश्न त्यांच्या दारात नेऊन ठेवला. स्फटिकांच्या गणिताची सुरुवातच अशी आहे. गणिती एका टप्प्यापर्यंत येतो आणि पुढचं पदार्थाला विचारा म्हणतो.

*

त्याच पुस्तिकेत केप्लरचा एक दावा आहे: खालच्या थराच्या खळग्यांत वरचा थर बसवत सारखे गोळे रचले, तर त्याहून दाट रचना होऊच शकत नाही. ही रचना जागेचा ७४ टक्क्यांहून थोडा जास्त भाग भरते. सिद्धता जाहीर व्हायला १९९८ उजाडलं. टॉमस हेल्सची ती सिद्धता इतकी लांबलचक आणि संगणकावर विसंबलेली होती की परीक्षकांना पुरती हमी देता येईना. मग त्याने ती संगणकाकडूनच पायरी न् पायरी तपासून घेतली. ते काम २०१४ मध्ये संपलं.

एवढं होऊनही पदार्थाच्या दृष्टीने निकाल अर्धाच. गोळ्यांचा तिसरा थर पहिल्याच्या बरोबर वर बसवा किंवा बाजूच्या खळग्यांत बसवा, दाटी तीच राहते. तांबं एक प्रकार घेतं, मॅग्नेशियम दुसरा. सिलिकॉन कार्बाइड तर थरांचे दोनशेहून अधिक क्रम घेऊन बसलं आहे.

*

पाच का नाही, हे कागदावर दोन मिनिटांत दिसतं. स्फटिक म्हणजे पुन्हा पुन्हा तशीच येणारी बिंदूंची जाळी, असं धरा. तिच्यातले एकमेकांना सर्वांत जवळचे दोन बिंदू घ्या, क आणि ख. त्यांच्यातलं अंतर १ धरा. जाळी ७२ अंशांनी फिरवली तरी जशीच्या तशी राहते, असंही धरा. आता क भोवती ख फिरवा ७२ अंश. ख भोवती क फिरवा उलट दिशेने तितकाच. दोघेही रेषेच्या एकाच बाजूला येतात, आणि दोन्ही नव्या जागा जाळीच्याच असायला हव्यात. पण त्यांच्यातलं अंतर भरतं ०.३८. सर्वांत जवळचं अंतर १ आहे, असं तर आपणच म्हटलं होतं. पाच बाद.

सात, आठ आणि पुढचे सगळे आकडे याच हिशेबाने बाद होतात. सहाला दोन्ही बिंदू एकाच जागी येऊन पडतात, तक्रार नाही. चाराला अंतर नेमकं १. राहिले १, २, ३, ४ आणि ६. केप्लरच्या ‘पाच का नाही’ला पुनरावृत्तीच्या अटीखाली उत्तर मिळालं. ‘सहाच का’ मात्र तसंच राहिलं.

*

जाळ्या १४ प्रकारच्या. हे ब्राव्हेने १८४८ च्या सुमारास पक्कं केलं. त्यांत फिरवणं, आरसा, सरकवणं हे सगळं मिसळलं की एकूण २३० मांडण्या होतात. त्यांना स्पेस ग्रुप म्हणतात. रशियात फ्योदोरॉव्ह आणि जर्मनीत शोनफ्लीस वेगवेगळे याच मोजणीला बसले होते. पत्रव्यवहार सुरू झाला, एकाच्या यादीतल्या चुका दुसऱ्याने दाखवल्या आणि १८९१ मध्ये दोघांच्या याद्या जुळल्या. त्या वेळी स्फटिकाच्या आत कुणी पाहिलेलं नव्हतं. अणू असतात की नाही यावरही वाद चालू होते. जे असेल ते या २३० बाहेर जाणार नाही, एवढं मात्र दोघांना ठाऊक होतं.

चार मितींत हाच आकडा ४,७८३ होतो, आरशातल्या जोड्या एक धरल्या तर. तसं मोजलं तर आपल्या २३० चे २१९ होतात.

*

खडीसाखरेचा एक मोठा खडा उजेडात धरून फिरवून पाहा. वरची पैलूंची तिरकी ठेवण खालच्या टोकाला तशीच सापडत नाही. मिठाचा खडा इतका चोख असतो की कोणत्या बाजूने पाहतोय ते कळत नाही. साखरेच्या रेणूला डावं-उजवं आहे आणि उसातून येतात ते सगळे एकाच हाताचे. स्फटिकात आरसा आला की दुसऱ्या हाताचा रेणूही आला पाहिजे, आणि तो तर मुळातच नाही. त्यामुळे आरसा लागणाऱ्या सगळ्या मांडण्या साखरेला बंद. २३० पैकी ६५ उरतात. प्रथिनांनाही तेवढ्याच.

*

१९१२, म्युनिक. एवाल्ड नावाचा विद्यार्थी बागेतून चालता चालता भौतिकशास्त्रज्ञ लाऊएला आपल्या प्रबंधातली अडचण सांगत होता. स्फटिकातल्या अंतरांचा विषय निघाला, आणि क्ष-किरण त्यातून सोडले तर काय होईल, हे लाऊएच्या डोक्यात आलं. फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी प्रयोग केला तो मोरचुदाच्या खड्यावर. फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. २१ वर्षं कागदावर पडून असलेली यादी आता कामाला लागली.

पुढच्याच वर्षी ब्रॅगने मिठाची रचना उकलली. त्यात मिठाचा रेणू असा कुठे नव्हताच. सोडियमभोवती सहा क्लोरीन, क्लोरीनभोवती सहा सोडियम, एवढंच. आर्मस्ट्राँग या जुन्या रसायनज्ञाला हे १९२७ पर्यंत पचलं नव्हतं. त्याने ‘नेचर’मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटावर तोंडसुख घेतलं.

*

त्याच मिठाचा एक हिशेब. एका सोडियम आयनावर बाकी सगळ्यांचा मिळून ओढा किती? जवळचे ६ विरुद्ध भाराचे, मग १२ सारख्या भाराचे, मग ८, मग ६, मग २४. अंतराने भागत आणि चिन्ह बदलत गोलागोलाने बेरीज करत जा: ६, मग −२.४९, मग २.१३, मग −०.८७, मग ९.८७. कशातच काही बसत नाही, पुढेही बसणार नाही. हीच बेरीज घनाघनाने वाढवत नेली की १.७४७६ वर स्थिर होते. माडेलुंगने १९१८ मध्ये हा आकडा काढला. तो झटपट काढायची रीत १९२१ ची आणि ती बागेतल्या त्याच एवाल्डची. मीठ अर्थात आपली बेरीज कुठल्या क्रमाने होते याची फिकीर करत नाही.

*

क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायच्या तर एक मोठी गोम आहे. ठिपका किती ठळक हे मोजता येतं; लाट कोणत्या टप्प्यावर येऊन पोचली ते मोजता येत नाही. अर्धी माहिती तिथेच गळते. हातात उरतात फक्त अणू-अणूंमधली अंतरं.

अंतरांवरून जागा ठरतात का? ०, १, ४, १०, १२, १७ हे बिंदू एका रेषेवर मांडा. दुसऱ्या रेषेवर ०, १, ८, ११, १३, १७. दोन्हींतल्या प्रत्येक जोडीचं अंतर काढा. १ ते १३, आणि १६, १७: दोन्हीकडे तीच पंधरा अंतरं, एकेकदाच. मांडण्या मात्र वेगळ्या, एक उलटी करूनही दुसरी मिळत नाही.

सुटका झाली ती साध्या वाटणाऱ्या अटींमुळे. इलेक्ट्रॉनांची घनता कधी ऋण नसते, आणि पदार्थ सुट्या सुट्या अणूंचा असतो. असल्या अटींतून गळालेली माहिती गणिताने ओढून काढता येते, हे केदारेश्वर बॅनर्जींनी १९३३ मध्येच एका वाटेने दाखवलं होतं. हाउप्टमन आणि कार्ल यांनी त्याची पक्की पद्धत बसवली आणि १९८५ चं रसायनशास्त्राचं नोबेल घेतलं. हाउप्टमन गणितज्ञ होता.

*

एप्रिल १९८२ मध्ये शेख्टमनला अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत दहा-दहा ठिपक्यांची वर्तुळं दिसली. पाचाला आणि दहालाही मज्जाव असताना. रसायनज्ञ लायनस पॉलिंगने १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की हे साधेच घनवर्गी स्फटिक आहेत, जुळे होऊन चिकटलेले. १९९४ मध्ये तो वारला तोपर्यंत त्याने हट्ट सोडला नाही.

पॉलिंगला हसणं सोपं आहे. पण पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत पेंटागोनाइट नावाचं निळं खनिज सापडतं. त्याचा आडवा छेद पाच टोकांच्या चांदणीसारखा असतो. नावही त्यावरूनच पडलं. त्यातली प्रत्येक भुजा मात्र सरळसाधा समचतुर्भुजी वर्गातला स्फटिक. पाच जुळे एकमेकांना टेकून उभे, बस्स. पॉलिंग जे म्हणत होता ते निसर्गात असं खरोखर घडतं. फक्त शेख्टमनच्या धातूत ते घडलेलं नव्हतं.

आणि दोन मिनिटांची ती सिद्धता? तिचं काही बिघडलं नाही. ती पुनरावृत्ती होणाऱ्या जाळीबद्दल बोलते. शेख्टमनच्या धातूत शिस्त होती, पुनरावृत्ती नव्हती. पेनरोजने असं फरसबंदीचं चित्र सत्तरच्या दशकातच काढलं होतं. द ब्रॉइनने १९८१ मध्ये दाखवलं की ते पाच मितींतल्या साध्या जाळीचा तिरपा काप आहे. १९९२ मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली: ज्याचे ठिपके रेखीव उमटतात तो स्फटिक.

*

वाघोलीत पेंटागोनाइटच्या सोबतीला कॅव्हान्साइट मिळतं. तेही निळं, आणि रासायनिक सूत्र अक्षरशः तेच. एकात सिलिकेटची कडी सहाची, दुसऱ्यात चार आणि आठची. सूत्रावरून रचना सांगता आली असती, तर दोन नावं लागलीच नसती.

*

रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये कॅप्सूल विरघळेनाशा झाल्या. त्याच रेणूने तोवर कुणी न पाहिलेली, अधिक स्थिर मांडणी धरली होती. कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या.

१९९९ पासून केंब्रिजचं स्फटिक-माहिती केंद्र परीक्षा घेतं: रेणूची आकृती देतात, स्फटिक कसा होईल ते सांगा. आता संगणक बऱ्याचदा बरोबर सांगतो. पण तो एक उत्तर देत नाही, यादी देतो, आणि वरच्या काही मांडण्यांच्या ऊर्जेत फरक असतो तो नखाएवढा. त्यातली कोणती हाती येईल ते द्रावक, तापमान आणि थंड करायची घाई यांवर ठरतं. म्हणून औषध कारखान्यात आजही माणसं रांगेने कुप्या मांडतात, वेगवेगळ्या द्रावकांत तोच रेणू घालतात आणि खाली काय बसतं ते पाहतात.