सव्वीस की बत्तीस

कोंटेसा २६ आणि कोंटेसा ३२ या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लिमिंग्टनला बांधलेल्या फायबरग्लासच्या शिडाच्या नौका. दोन्हींचा आराखडा डेव्हिड सॅडलर यांचा, बांधणी जेरेमी रॉजर्स यांची. धाकटी १९६६च्या सुमाराची, थोरली त्यानंतर चार-पाच वर्षांची. नव्या नौकेची ऐपत नाही, पण घरापासून लांब जायची हौस दांडगी, असा माणूस जुन्या नौका बघत हिंडू लागला की या दोन बहिणींपाशी हटकून घोटाळतो.

नावातले आकडे फुटांचे. फरक सहा फुटांचा, म्हणजे एका उंच माणसाएवढा. वजन मात्र धाकटीचं सुमारे ५,४०० पौंड आणि थोरलीचं ९,५०० पौंड. लांबी सव्वापट, वजन पावणेदोनपट. कारण नौका नुसती लांब होत नाही, रुंद आणि खोलही होते. नांगर, साखळी, शिडं, दोर, इंजिन हे सगळं या वजनामागून वाढत जातं. वेग तसा वाढत नाही. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ने गुणायचं, की अशा जड नौकेचा कमाल वेग साधारण नॉटमध्ये मिळतो. धाकटीला सहाच्या जरा वर, थोरलीला साडेसहा. एवढ्या वजनाच्या बदल्यात दिवसाकाठी फार तर दहा-बारा मैल जास्त.

तपासणी दोघींची सारखीच. तळाला पाण्याचे फोड आलेत का ते पाहायचं, डेकवर ठोकून आवाज ऐकायचा, डोलकाठीच्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवायचा. तारेतला एखादा धागा तुटलेला असला तर कापूस तिथं अडकतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोळ्याला कळतं.

प्रश्न आकाराचा, आणि मराठीत आकाराचा प्रश्न निघाला की अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ऐकावंच लागतं. घरात ही म्हण कर्ज काढू पाहणाऱ्या मुलाला ऐकवतात. तीत अंथरूण ठरलेलं असतं, पाय तेवढे आखडायचे. नौकेत ही म्हण शब्दशः लागू पडते आणि लगेच उलटी होते. धाकटीत पाय पसरायचे ते कॉकपिटच्या खाली, बोगद्यासारख्या जागेत. तिथं अंधार असतो आणि बहुधा शिडांच्या पिशव्याही. थोरलीत जरा मोकळं वाटतं. पण हे बंदरात. समुद्रात नौका हेलकावू लागली की रुंद बिछान्यातला माणूस रात्रभर या कडेवरून त्या कडेवर लोळतो. म्हणून खलाशी बिछान्याच्या कडेला कापड ताणून बांधतात आणि आहे ते अंथरूण मुद्दाम अरुंद करून घेतात. तिथं पायांना कोणी विचारत नाही, आखडायचं ते अंथरूणच.

म्हणीतला खरा घोटाळा ‘पाहून’ या शब्दात असावा. पाहायचं कधी? नौका विकत घेणारा ती पाहतो धक्क्याला बांधलेली, दिवसाउजेडी, पाणी स्थिर असताना.

आणि पाहिलेलं अंथरूण मिळतंच असंही नाही. खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ बत्तीस फुटी, मुंबईत सागवानात बांधलेली. १९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीसाठी त्यांना ५३ फुटी पोलादी नौका हवी होती. पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून ते आपली जुनीच नौका घेऊन निघाले. वाटेत गळती लागली तेव्हा पाण्यात उतरून फळ्यांच्या सांध्यात स्वतः कापूस ठोकला. निघालेल्या नऊ जणांपैकी ते एकटेच, ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला फॅल्मथला परतले. त्याच शर्यतीतले दुसरे स्पर्धक टेटली यांची चाळीस फुटी ट्रायमरान, म्हणजे तीन सांगाड्यांची नौका, शेवटच्या टप्प्यात अटलांटिकमध्ये बुडाली. याला अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणायचं? खिशाचं अंथरूण पाहिलं हे खरं, पण पाय तर पृथ्वीभर पसरले.

पन्नास वर्षांनी त्याच शर्यतीच्या आठवणीत नवी शर्यत निघाली. तिच्यासाठी ‘सुहैली’ची प्रतिकृती गोव्यात बांधली गेली, तिचं नाव ‘तुरीया’. सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागराच्या वादळात तिची डोलकाठी मोडली. पाठीला जबर मार बसलेले तिच्यावरचे खलाशी अभिलाष टॉमी, ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज येईपर्यंत, उठता येत नसल्याने बिछान्यातच पडून होते. तेच माप, तोच आराखडा. लहान नौका पुरते, हा पहिल्या नौकेवरून काढलेला निष्कर्ष दुसरीपाशी टिकत नाही.

मग मोठी नौका सुरक्षित म्हणावी का? टाकीत प्रतिकृतींवर केलेल्या चाचण्या सांगतात, की नौकेच्या लांबीच्या निम्म्याहून थोडी जास्त उंचीची फुटती लाट आडवी लागली तर ती नौकेला उलटवू शकते. धाकटीला पंधराएक फुटांची लाट पुरे, थोरलीला अठरा-एकोणीस फुटांची लागेल. तीन-चार फुटांचा हा फरक खरा आहे. पण लाटा माप घेऊन येत नाहीत. टानिया एबी १९८५ साली वयाच्या अठराव्या वर्षी न्यूयॉर्कहून निघाली आणि १९८७च्या नोव्हेंबरात पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली, ती कोंटेसा २६ घेऊन. तिच्या नौकेचं नाव ‘वरुणा’. आपल्याकडच्या समुद्रदेवाचं नाव तिकडे कसं पोचलं, हा वेगळा विषय.

थोरलीच्या बाजूने १९७९च्या फास्टनेट शर्यतीचा दाखला नेहमी दिला जातो. त्या वादळात पंधरा स्पर्धक दगावले. एका गटातल्या ५८ नौकांपैकी शेवटपर्यंत पोचली ती एकटी ‘असेंट’, एक कोंटेसा ३२. तो गट त्या शर्यतीतला सर्वांत लहान नौकांचा होता.