पीण्यातील तालीम

दिग्दर्शन, लेखन आणि अध्यापन हे तीन निराळे व्यवसाय मानण्याचा आपल्याकडे रिवाज आहे; परंतु बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, दिवसपाळी सुटल्यानंतर कामगारांच्या तालमी घेण्यात उत्तरायुष्याचा मोठा भाग गेल्यामुळे, ही एकाच कारागिरीची तीन अंगे आहेत असे माझे मत पक्के झाले आहे.

१९७० च्या दशकात आकाराला आलेल्या या वसाहतीत यंत्रहत्यारांपासून तयार कपड्यांपर्यंत नाना जिन्नस निर्माण होतात. आमच्या पत्र्याच्या शेडलगत पॉवर प्रेस चालतो. त्याच्या आघाताखाली वाक्याचे अखेरचे पद नेमके बुडते. म्हणून नटाला श्वासाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि लेखकाला, कितीही जिवावर आले तरी, आपल्या अलंकृत वाक्यांना कात्री लावावी लागते. यंत्राने दिलेला हा निवाडा कोणत्याही समीक्षकाच्या अभिप्रायाहून निःपक्षपाती असतो.

आमच्या मंडळींत निपाणीकडचा एक टर्नर होता. मराठी व कानडी सारख्याच सहजतेने बोलणारा हा गृहस्थ लेथवर शेवटचा कट घेण्यापूर्वी यंत्र थांबवी, जॉबवरचे तेल कॉटन वेस्टने पुसून काढी, मग मायक्रोमीटर लावी, आणि आकडा वाचून होईपर्यंत ओठ मिटून राही. महत्त्वाचे वाक्य उच्चारण्यापूर्वी नटाने काय करावे, याविषयी माझ्या दप्तरात जी टिपणे साठली होती, त्या सर्वांहून हा दाखला सरस होता. प्रथम तो माझ्या वर्गातला पाठ झाला; आणि शिकवताना त्याचे मर्म उमगल्यावर, पुढच्या नाटकात एका लांबलचक स्वगताच्या जागी मी केवळ ती कृती लिहिली.

कारखान्यातून नाटक घडल्याचा हा एकच दाखला नव्हे. सायकलतळ आणि चहाचे उपाहारगृह एवढ्याच मागण्यांवरून गाझियाबादेच्या एका कारखान्यात झालेल्या गोळीबारातून दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे ‘मशीन’ हे पथनाट्य १९७८ मध्ये जन्मले. त्यात यंत्र उभे राहिले ते नटांच्या देहांतून. नेपथ्याची गरजच उरली नाही. बेंगळुरात १९७५ च्या सुमारास ‘समुदाय’ ही नाट्यचळवळ उभारण्यात पुढाकार घेणारे प्रसन्न यांनी नाटके बसवली, लिहिली, अभिनयावर ग्रंथ रचला, आणि पुढे हेग्गोडू गावाच्या परिसरात स्त्रियांच्या हातमाग सहकारी संस्थेची उभारणी केली. मागावरचे हे काम त्यांच्या रंगकार्याला सोडून आहे, असे मला कधी वाटले नाही.

जो दिग्दर्शक शिकवत नाही, तो आपल्याच यशाची नक्कल करू लागतो. आणि जो लिहीत नाही, त्याचे शिकवणे तोंडच्या हुकमांवरच भागते. म्हणून नव्या दिग्दर्शकांस माझी विनंती एवढीच की, संहिता हाती घेण्यापूर्वी मालकाची रीतसर परवानगी काढून कारखान्यात एक पाळीभर निमूट उभे राहावे, पाहिलेले प्रथम दुसऱ्याला शिकवावे, आणि मगच लेखणी उचलावी.