आई, एवढ्या वाती वळून देता का?

स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांकडून दिवाळीत काही हस्तकला करून घ्यायची म्हटलं, की टेबलावर हमखास रंगीत कागद, गोंदाची बाटली आणि चमकीची पुडी येते. बालवाडीत जे चालतं ते इथेही चालेल, असा त्यामागचा समज. मग आयुष्यभर संसार सांभाळलेली एखादी आजी तो कागद उलटसुलट करून बघते, त्याची नीट घडी घालते आणि बाजूला ठेवून देते. आजींना जमलं नाही, असं सगळे म्हणतात. पण ते काम त्यांचं कधी नव्हतंच.

त्याच आजींसमोर गडद रंगाच्या कापडावर देवकापूस ठेवून बघावा. बोटं आधी सरकी चाचपतात, ती काढून वाटीत टाकतात. कापूस मोकळा होतो, चकतीएवढा पसरला जातो, मधोमध कापसाचीच बारीक गोळी बसते. मग कडा वर गोळा करून दुधाच्या बोटाने शेंड्याला पीळ, की झाली फुलवात! सकाळचा नाश्ता झाला की नाही हे त्यांना सांगता येत नाही, शेजारी बसलेली मुलगी कोण हेही कधी आठवतं, कधी नाही. वात मात्र बुडाशी रुंद, टोकाला निमुळती आणि न कलता उभी राहणारी.

हे कसं होतं, याचा उलगडा बऱ्याच अंशी एका माणसामुळे झाला. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढावा लागला आणि त्यानंतर घडलेलं काहीही त्यांच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सफाईने चालू लागला. आदल्या दिवशी आपण हेच केलं होतं, याची मात्र त्यांना आठवण नव्हती. मोलेसन यांना स्मृतिभ्रंशाचा आजार नव्हता, पण प्रसंगांची आठवण आणि हाताचं कसब मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळतो, हे त्यांच्यामुळे कळलं. स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला झळ फार लवकर लागते. हाताला वळण लावणारे भाग त्या मानाने उशिरापर्यंत साथ देतात.

म्हणून अशा वडीलधाऱ्यांबरोबर काम करणारा जाणता माणूस साहित्य आणण्याआधी घरच्यांना चार प्रश्न विचारतो. आजी दिवाळीच्या दिवसांत काय करायच्या? अंगणात रांगोळी कोण घालायचं? आकाशकंदील घरी व्हायचा की विकत यायचा? आजोबांचा हात कशावर बसलेला होता, सुईवर, करवतीवर की हिशेबाच्या वहीवर? उत्तरांवरून काम ठरतं. शिंप्याचा धंदा केलेल्या आजोबांना झेंडूचं तोरण ओवायला जाड, बोथट सुई पुरते. कारकुनी केलेल्यांना कागदाच्या पट्ट्या सारख्या मापाने मोजून, जुड्या बांधून ठेवण्यात गोडी वाटते.

आकाशकंदिलाचं काम विशेष चांगलं, कारण त्याचे तुकडे पाडता येतात. कामट्या दोऱ्याने बांधून सांगाडा उभा करणं अवघड. ते दुसऱ्या कुणी आधी करून ठेवावं. पतंगी कागद डकवणं मधलं. खाली झिरमिळ्या चिकटवणं सगळ्यांत सोपं, आणि त्यासाठी बाटलीतल्या गोंदापेक्षा गव्हाच्या पिठाची खळ बरी: ती चुकून तोंडात गेली तरी भीती नाही. एका वेळी एकच पायरी सांगायची, तीही शक्यतो तोंडाने न सांगता स्वतः करून दाखवायची. कधी कधी झिरमिळ्या लावायला बसवलेले आजोबाच सांगाडा हातात घेऊन डोळ्यासमोर धरतात आणि एक बाजू तिरकी झाल्याचं दाखवतात. अशा वेळी झिरमिळ्या बाजूला ठेवाव्यात आणि त्यांना सांगाडाच सरळ करू द्यावा.

ठिपक्यांची रांगोळी सोपी वाटते, पण तिथे जपून. जागेचा आणि दिशेचा अंदाज या आजारात बऱ्याचदा लवकर ढळतो. कुठला ठिपका कुठे जोडायचा, हे न कळल्याने पूर्वी दारभर रांगोळी घालणारी बाई रडवेली होते. चिमटीतून पीठ सोडण्याची कला मात्र हातात असते. तेव्हा आकृती आपण काढावी आणि रंग त्यांनी भरावा, किंवा परातीत शेवंती-झेंडूच्या पाकळ्यांची गोल वलयं करावीत. आपल्या जुन्या रीतीत एक शहाणपण आहे. म्हातारपणी, आणि या आजारात त्याहून जास्त, नजरेला फिक्या रंगावर फिका रंग उठून दिसत नाही. पांढऱ्या चादरीवर ठेवलेला कापूस जणू नसतोच. गेरूने सारवलेल्या जागेवरची पांढरी रांगोळी अशा डोळ्यांनाही दिसते. टेबलावर गेरू लावलेला पाट ठेवला, की खाली वाकायचीही गरज नाही.

काही गोष्टी सरळ दूर ठेवाव्यात. मणी, टिकल्या, चमकी तोंडात जाऊ शकते. कापूर तर खडीसाखरेसारखा दिसतो आणि पोटात गेला तर झटके येण्याइतका विषारी आहे. कामाच्या टेबलावर पेटती ज्योत नको.

मात्र केलेली वस्तू वापरली गेली पाहिजे, आणि याबाबत तडजोड नको. संध्याकाळी घरातल्या कुणी वात पणतीत घालून, तेल ओतून, त्यांच्या देखत लावावी. वाती गरजेपेक्षा जास्त झाल्या, आणि त्या होतातच, तर शेजारी द्याव्यात, देवळात द्याव्यात. गुपचूप कचऱ्यात टाकू नयेत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मानसिक गरजा सांगितल्या, त्यांत दिलासा, जिव्हाळा, आपलेपणा, ओळख यांच्याबरोबर हाताला काम हीसुद्धा एक गरज मानली आहे. वेळ घालवायला दिलेलं काम आणि घराला हवं असलेलं काम यांतला फरक या माणसांना कळतो. ‘चला, ॲक्टिव्हिटी करू या’ असं म्हटलं की चेहरा कोरा राहतो. ‘आई, उद्याच्या पूजेला एवढ्या वाती वळून देता का?’ असं सुनेने विचारलं, की त्या पदर खोचून बसतात.

नाताळातही हाच नियम. वसईत किंवा गोव्यात ज्यांनी दरवर्षी येशूजन्माचा गोठा मांडला, त्यांच्या हाती गवत आणि मेंढरं द्यावीत. कुठली आकृती कुठे ठेवायची, ते त्यांना ठरवू द्यावं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतले बहुतेक आपल्याच माणसांत, घरी राहतात. म्हणजे ही हस्तकला मुख्यतः स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत व्हायची आहे. ती सकाळी व्हावी, कारण दिवस कलला की अनेकांची घालमेल वाढते. त्यात दिवाळीच्या संध्याकाळी फटाके, हललेलं सामान, नवे पडदे आणि पाहुण्यांची वर्दळ यांनी ओळखीचं घरही परकं होतं.

पाहुण्यांना तर एक खास विनंती आहे. दारातून आल्याआल्या ‘मावशी, मला ओळखलंत का?’ असं विचारू नका. ती परीक्षा असते, आणि त्यांना त्यात नापास झाल्याचं कळतं. स्वतःचं नाव सांगा, शेजारी बसा, पुढ्यातला थोडा कापूस उचला आणि ‘मावशी, मला नीट जमत नाही, दाखवा ना’ म्हणा. मग त्या दाखवतील तशी वात वळा.