अम्मीचा ‘से’

आमच्या इंदापूरच्या मोहल्ल्यातल्या दोन पिढ्यांनी कायदा अम्मीकडे गिरवला. दिवसभर लोकांच्या रानात खुरपणी आणि असरनंतर अंगणात मुलं. कुरआन वाचताना ‘से’, ‘ज़ाल’, ‘ज़ोय’ ही अक्षरं जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लावून काढायची असतात. अम्मी तोंड उघडून दाखवायची, मुलं वाकून बघायची. शाळेत मराठीच्या तासाला मी त, थ, द, ध ‘दंत्य’ म्हणून शिकवते, तेव्हा तेच अंगण डोळ्यांसमोर येतं.

पंचावन्नाव्या वर्षापर्यंत तिचे वरचे पुढचे चारही दात गेले. ‘से’चा नुसता वारा व्हायला लागला. कुणी भांडलं नाही. एकेक आई आपलं मूल पाठवायची थांबली, एवढंच.

वय झालं की दात जायचेच, असं आपण म्हणतो. पण दात वयाने जात नाहीत. बहुतेक कीड आणि हिरड्यांच्या आजाराने जातात. अम्मीच्या बाबतीत मशेरीही होती. तव्यावर तंबाखू भाजून काळी करायची, चुरडायची, डब्यात भरायची. मिस्वाकची सुन्नत आमच्याकडे सगळ्यांना पाठ, पण मशेरीचा डबाही घरोघरी! रानात जाणाऱ्या बायकांना तेवढाच आधार. भूक मरते, दाढेचा ठणका दबतो. हिरड्या बिघडल्या की रक्त येतं, ती पहिली सूचना. तंबाखूने ते रक्तही कमी येतं आणि आजार आत झाकून राहतो.

दाढ दुखली तेव्हा डॉक्टरांनी तिला दोन रस्ते सांगितले होते. वाचवायची तर चार खेपा आणि काही हजार रुपये. काढायची तर आत्ताच, दीडशे रुपयांत. प्रत्येक खेपेला एक रोज बुडणार. ती म्हणाली, “निकालके डालो.” तिचे बाकीचे दात असेच एकेक करून गेले.

तीन वर्षांपूर्वी माझी नेमकी तीच दाढ दुखली. बारामतीला चार वेळा गेले, रूट कॅनॉल केलं, वर टोपी बसवली. रजा होती, पगार चालू होता. दाढ अजून तोंडात आहे. हिरड्या आईसारख्याच, तोंडाची ठेवणही तिचीच. फरक मस्टरवरच्या सहीचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात साठीपुढच्या सुमारे २३ टक्के माणसांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही, असा जगाचा अंदाज आहे. ते वाचलं तेव्हा अम्मी शेजारीच बसून भाकरी दुधात कुस्करत होती.

आता कवळी करायची ठरवलीय. माप द्यायला रविवारी एसटीने बारामतीला जाऊ. खर्च किती, हे तिने दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा कमी सांगितला. रात्री अंथरुणावर पडल्यावर हळूच म्हणाली, “बेटा, उससे ‘से’ निकलेगा ना?”

डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांत हा मी सगळ्यात वर लिहिलाय.