मास्टर सीडी

बाजारात ती कधी आली नाही. तिच्यावर देवीचं चित्र नाही, गायकाचा फोटो नाही. पाठीवर मार्करने लिहिलेलं अल्बमचं नाव, तारीख आणि ‘मास्टर’ एवढीच अक्षरं. उलटी करून उजेडात तिरपी धरली तर हिरवट अंगावर मधल्या भोकाकडून कडेकडे पसरलेला एक गडद पट्टा दिसतो. तेवढं गाणं तिच्यात भरलेलं. १२ सेंटिमीटर रुंद, १.२ मिलिमीटर जाड. पण नांदेड-लातूरकडच्या एखाद्या गायनपार्टीची सगळी पुंजी तिच्यात अडकलेली असायची.

तिचा प्रवास नेहमी घाईचा. भीमगीतं असतील तर १४ एप्रिलच्या आत बाजारात हवीत, खंडोबाची गाणी मार्गशीर्षातल्या माळेगावच्या यात्रेआधी, भजनं महाशिवरात्रीला भरणाऱ्या लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेआधी. गाणी इथे रेकॉर्ड व्हायची आणि मास्टरिंगसाठी पार्टीतलं कुणीतरी देवगिरी नाहीतर नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबई गाठायचं. लातूरकरांना लातूर एक्सप्रेस होतीच.

स्वभावाने ती कमालीची सरळ. द्याल ते जसंच्या तसं ठेवणार. कॅसेट थोडं सांभाळून घ्यायची. आवाज जास्त झाला तर टेप तो जरा मऊ करून टाकायची. हिच्याकडे ती सवलत नाही. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं, प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं, आणि वरची मर्यादा एकदा आली की त्याच्या पलीकडे जागाच नाही. ढोलकीची थाप तिथे धडकली की तिचा माथा सपाट कापला जातो आणि थाप फुटते.

आणि तरी हट्ट असायचाच: ‘मिरवणुकीत आपली सीडी दुसऱ्यांपेक्षा जोरात वाजली पाहिजे.’ मग लिमिटर लावून सगळं दाबायचं. हळू आलाप आणि कोरसचा गजर एकाच उंचीवर. मला हा हट्ट कधीच पटला नाही. आवाज वाढवायला साउंडवाल्याच्या हाताशी बटण असतं; दाबून मारलेली ढोलकी मात्र कोणत्याच बटणाने परत येत नाही. चांगला मास्टरिंगवाला गायकाच्या आवाजातला टोचणारा ‘स’ तेवढा खाली घेतो, ढोलकीच्या धुममध्ये बुडालेले शब्द वर काढतो, आणि दोन गाण्यांमधली जागा कानाने ठरवतो. सवाल-जवाबाची गाणी असतील तर सवाल संपला की जवाब लगेच यायला हवा. तिथे दोन सेकंदांची शांतता पडली तरी मुकाबल्याची रंगत जाते.

पुढे कारखाना. तिच्यावरचा मजकूर लेझरने काचेच्या तबकडीवर उतरवतात, काचेवरून निकेलचा साचा घडवतात, आणि त्या साच्यावर वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबलं की काही सेकंदांत एक सीडी तयार. पाच किलोमीटरहून लांब अशी सूक्ष्म खड्ड्यांची वळसेदार रेघ तिच्यावर उमटलेली असते. वरून ॲल्युमिनियमचा पातळ थर, लाखेचा लेप, छपाई. मास्टरमध्ये तिसऱ्या गाण्यात एक ‘टिक’ राहून गेली असेल तर ती हजारच्या हजार प्रतींत तिसऱ्याच गाण्यात वाजणार. सुधारायची तर काच नवी, साचा नवा, खर्चही नवा.

त्या प्रती खूप फिरल्या. लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानांत, यात्रेच्या पालांवर, काळी-पिवळी जीपमध्ये. मग शंभर गाण्यांची एमपीथ्री सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, मोबाइल आला. उरलेल्या सीड्या ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला दोरीला लटकल्या.

मास्टर मात्र अजून कुणाच्या तरी कपाटात आहे. तिचं दुखणं वेगळं. कारखान्यातल्या प्रतींवर खड्डे ठसलेले असतात. हिच्यावरचा मजकूर रंगाच्या थरात जाळलेला असतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा तो थर हळूहळू मारतात, आणि आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या पार जातो. शिवाय पुष्कळ शाहिरांचा आणि भजनी मंडळांचा नीट ऐकू येईल असा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. मोबाइलवर फिरतात त्या प्रतींच्या प्रती.

तुमच्या घरात अशी सीडी असेल तर वरच्या बाजूला चरा पडू देऊ नका, तिथे गाणं सर्वांत उघडं असतं. पुसायची तर मधून कडेकडे सरळ पुसा. पण आधी तिची वेव्ह फाइल काढा, एमपीथ्री नको, आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सोबत गीतकाराचं, ढोलकीवाल्याचं, कोरसमधल्या बायकांचं नाव लिहा. सांगणारी माणसं आहेत तोवर हे काम उरकून घ्या.